वाट कायम ठेवली आहे

३ जून, मंगळवार

मी पाठवलेली आंब्याच्या मोसमाची बातमी आज छापून आली. चाळीस ओळींच्या सहा केल्या आहेत. संपादकांना विशेषणांचं वावडं आहे. पण त्या सहा ओळींच्या खालीच नगरपालिकेची जाहीर सूचना होती आणि ती मी चहा निवेपर्यंत तीनदा वाचली.

पेणच्या गणपती कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जो मोकळा भूखंड आहे, तो वाहनतळासाठी राखीव होता. आता मालक तिथे तीन मजली दुकानसंकुल बांधणार, तळमजल्यावर गाड्या लावायला जागा देणार, आणि त्यातली अर्धी पालिकेला. नकाशे कार्यालयात पाहायला मिळतील. हरकती व सूचना लेखी द्याव्यात.

संध्याकाळी हौसाबाईंकडे गेलो. गल्लीच्या बंद टोकाला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, नवऱ्यामागे बावीस वर्षं त्या चालवतात. हाताखाली बारा माणसं. डोळ्यांची आखणी मात्र अजून स्वतः करतात. सूचना वाचून दाखवली. हातातली कुंचली न थांबवता म्हणाल्या, "दुकानं करा नाय तर विमानतळ करा. माझा गणपती भायर जायला वाट हाय ना, येवडं बघा मास्तर. दुसरी वाट नाय आमाला."

मी म्हटलं, बघतो. शाळा सोळा तारखेला उघडते. तोवर संस्कृत शिकवायचं नाही आणि बातम्यांना जागा नाही. हरकत घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

५ जून, गुरुवार

पालिकेत नकाशे पाहिले. रघू नावाचा कारकून माझा जुना विद्यार्थी. शब्दरूपांत नापास व्हायचा, पण फाईल पहिल्या झटक्यात काढून दिली. एकूण पाच कागद. पहिल्यावर जागेचं स्थान, दुसऱ्यावर तळमजला, तिसऱ्यावर दुकानं, चौथ्यावर इमारतीचं तोंड. पाचव्यावर नुसत्या रेघा आणि आकडे, बहुधा अभियंत्यांच्या आपापसातल्या गोष्टी. तो तसाच घडी करून ठेवला.

तळमजल्याच्या नकाशात गल्ली ठळक दाखवली आहे. साडेचार मीटर रुंद, आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत: "सध्याची वाट कायम ठेवली आहे." मला हायसं वाटलं. म्हणजे हौसाबाईंची काळजी मिटली. उरला माझा लढा: गाड्यांची संख्या आणि सौंदर्य. चौथ्या कागदावर इमारतीला आठ ग्रीक खांब आहेत. पेण ग्रीसमध्ये कधी होतं?

नियमावली मोबाईलवर उतरवून घेतली. चष्म्याचा नंबर वाढणार.

८ जून, रविवार

लेक किमया आली होती. रोह्याजवळ वरश्याला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, रोह्यात हितेशच्या कार्यालयात नकाशे काढते. हा हितेश म्हणजे या संकुलाचा वास्तुविशारद. तोही माझाच विद्यार्थी, दहावीला संस्कृतात ब्याण्णव. पोरीला मी आधीच सांगून टाकलं की घरात या विषयावर बोलायचं नाही. तू तुझ्या धन्याशी प्रामाणिक राहा, मी माझ्या धर्माशी.

जेवताना तिने फक्त विचारलं, "बाबा, पाचही कागद पाहिलेत ना?"

"पाहण्यासारखे चार पाहिले."

"तुम्ही नेहमी वरूनच पाहता."

हल्लीच्या मुलांना बापाला टोमणा मारल्याशिवाय भात गिळत नाही. मी दुर्लक्ष केलं. ही मात्र लेकीकडे बघत राहिली आणि मला आमटी वाढायला विसरली.

१४ जून, शनिवार

वार्ताहराने दुसरी बाजूही ऐकावी, म्हणून रोह्याला गेलो. पेणहून रोह्याची गाडी वेळेवर आली; याची बातमी करावी असं मनात आलं, पण छापली नसती.

हितेशचं कार्यालय थंडगार. उठून पाया पडला. भिंतीवर संकुलाचं मोठं रंगीत चित्र. त्यात निळं आकाश, गुलमोहर, कुत्रं फिरवणारी एक गोरी बाई. सगळ्या पेणमध्ये एकही टेम्पो नाही. मी म्हटलं, "हितेश, हे पेण कुठल्या देशात आहे?"

"सर, व्हिजन आहे ते."

"दिसतंय. म्हणूनच चष्मा लावून आलो."

तो मनापासून हसला. मुलगा वाईट नाही. म्हणाला, "सर, गल्लीला मी हातसुद्धा लावलेला नाही. हे बघा, साडेचार मीटर." त्याच्या मागच्या टेबलावर किमया बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मानेचं दुखणं असावं. दिवसभर संगणकासमोर बसून दुसरं काय होणार? घरी आल्यावर हिला सांगितलं, तिला तिळाचं तेल पाठव.

१७ जून, मंगळवार

"पेणचं रूप कोण ठरवणार?" या माझ्या लेखाचा आज वर्तमानपत्रात मागमूस नाही. संपादक फोनवर म्हणाले, जागा नव्हती. खरंच नव्हती, शेवटचं पूर्ण पान त्याच संकुलाच्या जाहिरातीने भरलं आहे. जाहिरातीत शुद्धलेखनाच्या सात चुका. ही म्हणाली, "तुमच्या डोक्यात काही शिरतंय का?" मी तिला काकतालीय न्याय समजावून सांगितला: कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं होत नाही. ती म्हणाली, कावळा जाडा असला तर होतं.

१९ जून, गुरुवार

हरकत दाखल केली. नऊ पानं. पहिली दोन प्रस्तावना, नंतर वाहनसंख्येचा हिशोब, शेवटी खांब. माझ्या गणिताप्रमाणे सहा दुचाकी आणि दोन मोटारींची जागा कमी पडते. रघूने पानं मोजली आणि विचारलं, "सर, हे सगळं वाचायचं असतं का?" पोच घेतली.

३ जुलै, गुरुवार

आज सुनावणी. लिहायची इच्छा नाही, पण न लिहिणं म्हणजे पळणं.

सुनावणी अधिकारी शांत गृहस्थ. मला पुरतं बोलू दिलं. मग हितेश उठला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सरांनी दुकानांच्या क्षेत्रात जिने आणि उद्वाहनही धरलंय. ते वजा करायचं असतं." त्याने वजा करून दाखवलं. जागा कमी पडत नाही. उलट तीन दुचाकी जास्त मावतात. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, ती तीन तुमाला." हशा.

खांबांबद्दल अधिकारी म्हणाले, "खांब कोणत्या देशाचे असावेत, हे नियमावलीत नाही."

बाहेर पडताना हितेशने माझी पिशवी धरली. "सर, रागावू नका. तुम्हीच शिकवलंत, ग्रंथ शेवटपर्यंत वाचावा."

हौसाबाई पायरीवर बसल्या होत्या.  म्हटलं, "हरलो. पण तुमची वाट सुरक्षित आहे, कागदावर लिहिलेलं आहे."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "तुमी कशाला तोंड पाडताव? पाय दुखतान तं बसा जरा."

अधिकारी जाताना एवढं म्हणाले, की आणखी काही लेखी असेल तर आठ दिवसांत द्या. माझ्याजवळ आणखी काही नाही. नऊ पानांत सगळं वापरून संपलं.

६ जुलै, रविवार

किमया आली. मागच्या वेळी नेलेला डबा परत आणला, तो भल्यामोठ्या छापील कागदात गुंडाळून. मी म्हटलं, एवढा चांगला कागद डब्याला? तर म्हणाली, "रद्दीच आहे. पण फेकू नका बाबा. हौसामावशींना द्या, रंगाखाली अंथरायला होईल. नक्की त्यांनाच द्या."

वस्तू वाया जाऊ नये ही जाणीव पोरीत आहे. संस्कार उगाच म्हणत नाहीत. मानेचं विचारलं तर म्हणे, मान ठणठणीत आहे.

८ जुलै, मंगळवार



शाळा सुटल्यावर तो कागद घेऊन कारखान्यात गेलो. हौसाबाई कुंचल्या धूत होत्या. कागद जमिनीवर पसरला, त्यावर रंगाची भांडी ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"ह्यो बॅगवाला मानूस कोन?"

मी पाहिलं. रेघांच्या जंजाळात, दोन खांबांच्या मधे, हातात बॅग घेतलेला एक माणूस काढला होता. कोपऱ्यात छापलं होतं: कागद क्र. ५. छेद.

मी म्हटलं, "तो नुसता शोभेला असतो."

"शोभेला कसा? माप असतंय त्याला." त्यांनी बोट लावलं. मूर्तिकाराचं बोट ते. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत किती आणि धड त्याच्या किती पट, हे जन्मभर बोटानेच मोजलेलं. "मानूस साडेपाच धरा. ही त्याची उंची. आनि त्याच्या डोक्यावं ही जाड पट्टी. मधी अर्धा मानूस बी नाय. म्हंजी पट्टी आठ फुटावं. मास्तर, ही पट्टी काय हाय?"

पट्टी म्हणजे पहिल्या मजल्याचा स्लॅब. आणि बॅगवाल्याच्या पायाखाली, सुवाच्य अक्षरांत: "सध्याची वाट कायम ठेवली आहे."

वाट ठेवली आहे. तिच्यावर दुकानं बांधली आहेत. वरून पाहिलं तर साडेचार मीटर रुंद. समोरून कापून पाहिलं तर आठ फुटांचा बोगदा.

हौसाबाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या कच्च्या मूर्तीपाशी गेल्या. ठाण्याच्या मंडळाची ऑर्डर. मूर्ती नऊ फूट, पाट अर्धा फूट, टेम्पोची फळी जमिनीपासून तीन. "साडेबारा," त्या म्हणाल्या. "आशे तीन हायेत माझे. बाराही मानसांचं पोट ह्या तिघांवं. बारक्यांवं निसता रंगाचा खर्च निंगतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आनि तुमी खांब मोजीत बसलाव."

 कागद क्रमांक पाच महिनाभर पालिकेच्या फाईलमध्ये होता, मी त्याची घडी केली होती. आंधळ्यांनी हत्ती चाचपला ती गोष्ट मी दरवर्षी आठवीला शिकवतो. इथे हत्तीचं तोंड असलेला देव दारात उभा होता आणि मी शेपूट धरून नऊ पानं लिहिली.

केवढा योगायोग पण! हजारो कागदांतून डब्याला नेमका तोच यावा. उद्या किमयाला सांगायला हवं, तिला गंमत वाटेल.

९ जुलै, बुधवार

पुरवणी हरकत दिली. एक पान. स्थळपाहणीची विनंती. रघू पोचेवर शिक्का मारताना म्हणाला, "सर, ही मी वाचली."

किमयाला फोन केला. योगायोग ऐकून ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात तसेच राहा."

१६ जुलै, बुधवार

स्थळपाहणी झाली. सविस्तर लिहितो.

अधिकारी सकाळी अकराला आले, बरोबर हितेश. हौसाबाईंनी गल्लीच्या तोंडाशी दोन वासे उभे करून त्यांवर आठ फुटांवर आडवा बांबू बांधला होता. आतून टेम्पो आला. फळीवर पेंढा, त्यावर नऊ फुटी मूर्ती, अजून रंग न दिलेली, आजूबाजूला धरायला चौघं. टेम्पो बांबूपाशी थांबला. बांबू देवाच्या छातीशी आला.

अधिकारी वर बघत राहिले. पाऊस भुरभुरत होता म्हणून मूर्तीवर प्लास्टिक धरलं होतं, तेही बांबूत अडकलं.

हितेश अधिकाऱ्यांना म्हणाला, "सर, वर्षातून दोन-तीन मूर्तींचा प्रश्न आहे. त्यासाठी आख्खा मजला सोडायचा? तेवढ्यापुरती मूर्ती आडवी करून काढता येईल. बाहेर आली की पुन्हा उभी."

 टेम्पोचं इंजिन चालू होतं, ते चालकाने बंद केलं. शेजारच्या कारखान्यातला मोरू हातातला पॉलिशपेपर तसाच धरून दारात आला. मला खरं तर हितेशची दया आली. पेणमध्ये वाढलेला माणूस, तोंडातून शब्द गेल्यावर त्याचा त्यालाच ऐकू आला असावा.

हौसाबाई टेम्पोच्या फळीला धरून उभ्या होत्या. आवाज चढवला नाही. "आडवा कोनाला नेतान, म्हाईत हाय ना तुला? त्याला बी चौघंच लागतान." मग थोडं थांबून, "तुझ्या आज्याच्या घरचा गणपती माझ्या सासऱ्याच्या हातचा. डोक्यावं घेऊन ह्याच वाटेनं नेला दरसाल. तो काय खाटेवं निजून आला व्हता तुझ्या घरी?"

"मावशी, मला तसं म्हणायचं—"

"तसंच म्हनलास. देव हुभा येतो नि हुभा जातो. वाकायचं आसंल तं तुझी इमारत वाकंल."

मोरूने टाळी वाजवली, मग दुसऱ्या कुणी. मला वार्ताहर म्हणून तटस्थ राहायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी वाजवली.

अधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं. जाताना हितेशला एवढंच विचारलं, "आणि आग लागली तर बंबही आडवा नेणार का?" हितेशने माझ्याकडे पाहिलं. "सर, पाचवा कागद तुम्हाला कुणी दाखवला?"

मी म्हटलं, "तुझ्याच फाईलमध्ये होता. ग्रंथ शेवटपर्यंत वाचावा."

हा टोला हाणून दिवसभर मी खूश होतो. संध्याकाळी का कोण जाणे, हितेशचा तो प्रश्न पुन्हा आठवला.

२० जुलै, रविवार

बातमी पाठवली होती. संपादकांचा फोन: "मास्तर, हा विषय आता संपवा." मी म्हटलं, विषय साडेबारा फुटांचा आहे, आठ फुटांत संपणार नाही. ते म्हणाले, मग पेण वार्ताहर दुसरा बघावा लागेल. मी म्हटलं, अवश्य बघा, उंच बघा.

एकोणीस वर्षं सहा ओळी छापून आल्या. उरलेल्या चौतीस या वहीत लिहीन. बरं वाटलं. शेवटी विशेषणांवरून आमचं फाटलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सुधारित नकाशे आले. यावेळी पाचवा कागद आधी उघडला. स्लॅब आठ फुटांवरून बारा फुटांवर नेला आहे. त्यासाठी गल्लीवरची दुकानं बुटकी केली. हरकतीला पुन्हा मुदत आहे, पण चार दिवसांचीच.

गल्लीत बैठक झाली. मोरू म्हणाला, "हौसामावशी, बारा फूट पुष्कळ झालं. आमचे पाच-पाच फुटाचे आरामात जातान. आता किती तानायचं?" चारसहा जणांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर मीही हलवली. आठाचे बारा झाले, मास्तर जिंकले, असं म्हणून घरी जाता येण्यासारखं होतं. वर्तमानपत्र गेलं, शाळेतही संस्थाचालकांनी "जरा जपून" म्हटलं आहे. दमलो होतो.

हौसाबाईंनी सर्वांना चहा दिला. मग म्हणाल्या, "बारा कुठनं आला? माझा साडेबारा त्यांनी डोळ्यांनी बघितला. तरी बारा दिला. म्हंजी बघूनच दिला. मोरू, तू आज पाचाचा करतोस. उद्या तुला दहाचा सुचला तर तू काय छपराला इचारून हात चालवशील?"

मोरू चहात बघत राहिला.

"ज्याला जायचंय त्यांनी जावा. म्या एकटी सही करीन."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, म्हणून पेन आधी माझ्याकडे आलं. मान हलवल्याची लाज वाटली. हे कुणी पाहिलं नसलं तरी इथे लिहून ठेवतो.

३ ऑगस्ट, रविवार

किमया सकाळच्या गाडीने आली, ट्रंक आणि गादीसकट. नोकरी सोडली म्हणे. हितेशशी पटलं नाही. का, तर सांगत नाही. मी समजावलं की मोठ्यांशी जुळवून घ्यावं लागतं, प्रत्येक ठिकाणी हट्ट चालत नाही. ही पदर तोंडाला लावून आत गेली. रडत असेल असं वाटलं, पण आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

दुपारी किमयाने माझा मसुदा वाचला. सहा पानं होती. तिने पाच काढून टाकली आणि उरलेल्यावर एक आकृती काढली: गल्ली, टेम्पो, मूर्ती, वर काहीच नाही. म्हणाली, "गल्लीवरचा भाग सोडला तर त्यांची चार दुकानं कमी होतात. पार्किंगला धक्का लागत नाही. मी गणित करून पाहिलंय." पोरीला एवढं सगळं मोजून माहीत, याचं कौतुक वाटलं.

"हे तू कधी केलंस?"

"जूनमध्ये," ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करायला लागली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. पुढे विचारलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

मुदतीचा शेवटचा दिवस. अर्धी सुट्टी घेतली. एकेचाळीस सह्या झाल्या. मोरूची सत्ताविसावी, सही करताना म्हणाला, "मास्तर, पाचाचाच करतो मी, पन करतो माझ्या मनानं."

पालिकेत मी, किमया आणि हौसाबाई गेलो. त्यांच्या हाताला सोनेरी रंग तसाच होता. रघूने अर्ज संगणकात भरायला घेतला. एका रकान्यावर अडला.

"सर, इथे आकडा लागतो. वाटेवर किती मीटर उंची मोकळी हवी?"

मी किमयाकडे पाहिलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात हौसाबाई खिडकीपाशी सरकल्या.

"मीटर नको लिवू रं. वर आभाळ ऱ्हावं दे, आसं लिव."

"मावशी, रकान्यात फक्त आकडा बसतो."

"मंग रकान्याभायेर लिव."

रघूने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग रकाना कोरा सोडला, अर्जाची छापील प्रत काढली, पेन उघडलं आणि समासात स्वतःच्या हाताने लिहिलं: वर आभाळ. खाली तारीख घातली, शिक्का मारला आणि आमची पोच दिली.

"आता वाचायला सांगा त्यांना," हौसाबाई म्हणाल्या, आणि ठाण्याचा टेम्पो दोनला येणार म्हणून आमच्या पुढे चालू लागल्या.